ब्लेअर विच: भीती सिनेमात होती की बातमीत?

रातकिडा

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'बद्दल इथल्या निरनिराळ्या धाग्यांवर एखाददुसरं वाक्य येतं आणि विषय तिथेच संपतो. कुणी म्हणतं जाहिरातीवर चालला, कुणी म्हणतं नुसती झाडं आणि आरडाओरडा. मला हा सिनेमा मनापासून आवडतो, म्हणून हा वेगळा धागा. शेवटाबद्दल मोकळेपणाने बोलणार आहोत, तेव्हा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

गोष्ट एवढीशी. ऑक्टोबर १९९४ मध्ये हेदर, जॉश आणि माइक हे तीन विद्यार्थी अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात जातात. तिथल्या चेटकिणीच्या दंतकथेवर त्यांना माहितीपट करायचा असतो. ते परत येत नाहीत. वर्षभराने त्यांचं फुटेज सापडतं आणि ८१ मिनिटं आपण तेच बघतो. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी केलेला हा सिनेमा १९९९ मध्ये आला. प्रत्यक्ष चित्रीकरण १९९७ च्या ऑक्टोबरात, आठ दिवसांत उरकलं. त्याचा खर्च साठ हजार डॉलरच्या आतबाहेरचा. पुढे संकलन, ध्वनी, प्रिंट यांत पैसे वाढले, पण जगभरातून कमाई झाली जवळपास २४ कोटी ८० लाख डॉलर.

आता गंमत बघा. रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकाने चारपैकी चार तारे दिले. आणि थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना सिनेमास्कोरवाल्यांनी विचारलं, तेव्हा श्रेणी आली 'सी प्लस'. इतकी दोन टोकं कशी?

माझा प्रश्न असा. त्या वेळी अनेक लोक हे खरं फुटेज आहे असं समजून गेले होते. आज सगळ्यांना ठाऊक आहे की तिघेही धडधाकट आहेत. मग भीती उरते का? माझ्या मते उरते, आणि ती बातमीमुळे नाही, सिनेमा ज्या पद्धतीने केला त्या पद्धतीमुळे उरते. तुमचं काय?

पडदाफाश

नाही उरत. स्पष्टच सांगतो.

या सिनेमाचं निम्मं काम पडद्याबाहेर झालं होतं. सनडान्स महोत्सवात तिघांच्या नावाने 'हरवले आहेत' अशी पत्रकं वाटली. वेबसाइटवर पोलिसांचे अहवाल, सापडलेल्या वस्तूंचे फोटो, मुलाखती. प्रदर्शनाच्या आधी सायफाय चॅनलवर 'कर्स ऑफ द ब्लेअर विच' नावाचा अख्खा खोटा माहितीपट. आयएमडीबीवर कलाकारांच्या नावापुढे 'बेपत्ता, बहुधा मृत'. एवढं सगळं डोक्यात घेऊन माणूस अंधारात बसला तर झाडाची फांदी हलली तरी घाबरेल. ते वातावरण गेलं, आता हातात राहिली ती तिघांची भांडणं.

खिडकीतली

पहिल्या अर्ध्या तासात झोपले होते मी. पण शेवटची पाच मिनिटं पाहिली आणि त्या रात्री घरातल्या कुठल्याच कोपऱ्याकडे पाठ करून बसवेना.

कंदील

@खिडकीतली +१. शेवटी माइक ज्याकडे तोंड करून उभा असतो तो कोपरा!

जुना प्रेक्षक

पडदाफाश, तुमची यादी बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. अफवेने लोक थिएटरच्या दारापर्यंत येतात, त्यापुढचं काम सिनेमालाच करावं लागतं. आणि 'सी प्लस' कुणी दिला? अफवा ऐकून आलेल्यांनीच की. चेटकीण बघायला मिळेल म्हणून लोक आले आणि चेटकीण एकदाही दिसली नाही, त्याचा तो राग होता. म्हणजे तुम्ही ज्या बातमीला यशाचं श्रेय देताय, तिनेच नाराजीही आणली.

शिवाय हलत्या कॅमेऱ्याने पुष्कळांना मळमळलं. उलट्या झाल्याच्या बातम्याही तेव्हा छापून आल्या होत्या. पोटात ढवळत असताना कुणाला काय सिनेमा आवडणार!

ध्वनिवेडा

या सिनेमाचा आवाज हा माझा अत्यंत आवडता विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तिघांकडे दोन कॅमेरे असतात. एक हाय-एट व्हिडिओ, रंगीत, ज्यात आवाजही टिपला जातो. दुसरा १६ मिमी फिल्मचा, कृष्णधवल, मुका. त्याच्यासाठी आवाज वेगळा घ्यावा लागतो आणि ते काम माइककडे. पूर्ण सिनेमाभर ही दोन चित्रं आलटून पालटून येतात आणि आपल्याला त्यांची सवय होते.

आता शेवट आठवा. पडक्या घरात माइक व्हिडिओ कॅमेरा घेऊन पुढे धावतो, हेदर १६ मिमी घेऊन मागे. माइक तळघरात पोचतो, काहीतरी होतं, त्याचा कॅमेरा खाली पडतो. पण आवाज अजून त्याच कॅमेऱ्यात टिपला जातोय. पडद्यावर दिसतंय ते हेदरच्या मुक्या कॅमेऱ्यातलं. म्हणून चित्र तिचं असूनही तिच्या किंकाळ्या आपल्याला लांबून ऐकू येतात, आणि ती जिना उतरत जाते तशा त्या जवळ जवळ येतात. ज्याने कुणी माइकला पाडलं त्याच्या शेजारी उभं राहून आपण ऐकतोय. ती आपल्याकडे धावत येतेय आणि आपल्याला तिला थांबवता येत नाही.

हे कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा हेडफोन लावून पाहिला. कळल्यामुळे भीती कमी होण्याऐवजी वाढली. पडदाफाश, इथे बातमीचा काय संबंध?

रातकिडा

ध्वनिवेडा, काय सुरेख लिहिलंय! मी इतक्यांदा पाहूनही अंगावर काटा का येतो ते मला शब्दांत सांगता येत नव्हतं. आज रात्री परत बघणार.

पडदाफाश

ध्वनिवेडा, शेवट मी तुम्हाला देऊन टाकला. त्याआधीच्या सव्वा तासाचं काय? नकाशा हरवला, तू हरवलास, नाही तू हरवलास.

मीरा_दे

पण तोच तर सिनेमा आहे ना! नकाशाचा प्रसंग नीट बघा. माइक हसत सुटतो आणि सांगतो की नकाशा मीच काल ओढ्यात लाथाडला, त्याचा काही उपयोग नव्हता. हेदर आणि जॉश त्याच्या अंगावर धावून जातात. तिथे चेटकीण नाही, भूत नाही, दिवसाढवळ्याचा प्रसंग आहे. तरी माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तीन शहाणी माणसं आता एकमेकांना वाचवू शकणार नाहीत हे तिथे पक्कं झालं.

आणि हे नाटक अर्ध्याहून जास्त खरं होतं. संवाद लिहिलेले नव्हते. दिग्दर्शकांनी सुमारे ३५ पानांचा आराखडा केला होता, बाकी कलाकारांनी जागच्या जागी सुचेल ते बोलायचं. जीपीएस यंत्रावर पुढचा मुक्काम कळायचा, तिथे पोचलं की प्रत्येकाला आपापली वेगळी चिठ्ठी मिळायची. दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे ते ठाऊक नसायचं. जेवण दिवसागणिक कमी करत नेलं. रात्री तंबू हलवायला दिग्दर्शकच जायचे आणि लहान मुलांचे आवाज टेपवर वाजवायचे. थकलेल्या, भुकेल्या, झोपमोड झालेल्या माणसाचा चिडका सूर अभिनयाने आणता येतो, पण इतका नाही.

नवखा

मुलांचे आवाज टेपवर होते?? मी तो प्रसंग पांघरुणातून ऐकला होता. मला आधी सांगायचं ना कुणीतरी!

सावनी

मीरा, तुझा मुद्दा बरोबर आहे, पण मला याच ठिकाणी राग येतो.

ही पद्धत म्हणून सगळे कौतुक करतात. भुकेलं ठेवलं, झोपू दिलं नाही, घाबरवलं. त्यांच्याकडे खेळाबाहेर पडण्यासाठी एक ठरलेला शब्द होता हे मला माहीत आहे, आणि ते तिघे स्वखुशीने गेले होते हेही. पण कॅमेरे त्यांनीच चालवले, संवाद त्यांनीच रचले, नावंसुद्धा स्वतःची दिली. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड, मायकल विल्यम्स. सिनेमा चालावा म्हणून त्यांनी जिवंत असूनही लोकांसमोर यायचं नाही, असं ठरलं. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली! आर्टिझन या वितरक कंपनीने सनडान्समध्ये हा सिनेमा ११ लाख डॉलरना घेतला, पुढे कोट्यवधी कमावले आणि या तिघांच्या वाट्याला त्या मानाने चिमूटभर आलं.

आणि हेदरला काय मिळालं? सर्वांत वाईट अभिनेत्रीचं रॅझी, म्हणजे थट्टेचा पुरस्कार. का, तर ती पडद्यावर किरकिरी वाटली, हट्टी वाटली. अरे, तिला तशीच व्हायचं होतं! कॅमेरा खाली न ठेवणारी, सगळं आपल्या हातात आहे असं शेवटपर्यंत भासवणारी दिग्दर्शिका. तिने ती इतकी खरी उभी केली की लोकांनी पात्राचा राग बाईवर काढला. त्या नावाखाली जगणं तिला इतकं जड गेलं की पुढे तिने नाव बदललं.

२०२४ मध्ये तिघांनी लायन्सगेटला, म्हणजे आता या सिनेमाचे हक्क असलेल्या कंपनीला, जाहीर पत्र लिहिलं. मानधनाचा मागचा हिशेब करा आणि आमची नावं, चेहरे वापरून पुढे काही करायचं असेल तर आम्हाला विचारा, हे त्यातलं मुख्य मागणं होतं. पंचवीस वर्षांनी! मॉक्युमेंटरीच्या, म्हणजे अशा खोट्या माहितीपटाच्या, स्वागताबद्दल बोलायचं तर या तिघांचं काय झालं हे त्यातच धरायला हवं.

मीरा_दे

सावनी, शंभर टक्के. मी पद्धतीचं कौतुक केलं ते पडद्यावर काय उमटलं त्याबद्दल. पैशांच्या बाबतीत तिघांवर अन्यायच झाला. हेदरचा तो टॉर्चच्या उजेडातला माफीचा प्रसंग घे. नाक वाहतंय, चेहरा फ्रेमच्या बाहेर गेलाय, एक डोळा आणि कपाळ दिसतंय. ती स्वतःच्या आईची, जॉशच्या आईची, माइकच्या आईची माफी मागते. त्या एका मिनिटावर नंतर जगभर विडंबनं झाली, म्हणजे तो मिनिट लोकांच्या मनात किती खोल गेला असेल. अशा अभिनयाला बक्षीस म्हणून रॅझी!

रात्रपाळी

जरा बाजूची गल्ली. हे सगळं १९९९ ला सुरू झालं असं वाटतंय इथे वाचून. त्याआधीचं बघा.

१९८० चा 'कॅनिबल होलोकॉस्ट', दिग्दर्शक रुग्गेरो देओदातो. इटलीत सिनेमा जप्त झाला. कलाकारांना खरंच मारलं असा संशय आला आणि ते जिवंत आहेत हे देओदातोला सिद्ध करावं लागलं. त्यांनाही काही काळ लोकांसमोर येऊ नका असं सांगितलेलं होतं. म्हणजे युक्ती तीच, फक्त इथे ती गळ्याशी आली. (प्राण्यांची हत्या त्यात खरी आहे. मी तो सिनेमा कुणालाही सुचवणार नाही.)

आणि 'घोस्टवॉच'! बीबीसी वन, ३१ ऑक्टोबर १९९२, हॅलोवीनची रात्र. मायकल पार्किन्सन, सेरा ग्रीन, माइक स्मिथ, क्रेग चार्ल्स ही रोज टीव्हीवर दिसणारी मंडळी आपापल्या नावाने सूत्रसंचालन करतायत. लंडनच्या नॉर्थोल्ट भागातल्या एका घरात भूत आहे, त्याचं थेट प्रक्षेपण चालू आहे, असं दाखवलं. सगळं आधी चित्रित केलेलं. लेखक स्टीफन वोक, दिग्दर्शक लेझली मॅनिंग. सुरुवातीला लेखकाचं नाव येतं, नाटक म्हणूनच दाखवलं होतं. तरी लोकांनी फोन करून करून बीबीसी हलवून सोडली. मुलांवर झालेल्या परिणामाबद्दल नंतर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येही लिहून आलं. बीबीसीने तो कार्यक्रम टीव्हीवर पुन्हा कधी दाखवला नाही.

जुना प्रेक्षक

वा रात्रपाळी! घोस्टवॉचचं नाव काढलंत, जीव सुखावला. त्यात भूत पडदे, काच, गर्दी यांत क्षणभर उभं असतं आणि सूत्रसंचालक त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत. आपल्याला दिसलं की नाही याचीच खात्री राहत नाही. रिवाइंड करून दाखवतात तेव्हा तर आणखी घोळ.

कंदील

पण मग हा खोटेपणा योग्य का? घोस्टवॉचमध्ये प्रेक्षकांचा विश्वासघात झाला असं मला वाटतं. ज्या माणसाला रोज खरं बोलताना पाहिलं, त्याच्याच तोंडून खोटं वदवून घेतलं. मुलं घाबरली तर त्यात मुलांचा काय दोष?

रात्रपाळी

कंदील, ती तक्रार मला पटते. ब्लेअर विच बघायला माणूस तिकीट काढून स्वतः जातो, घोस्टवॉच घरात आपणहून आला. हा फरक मोठा आहे. पण घोस्टवॉचचा विषयच तो होता: टीव्हीवर दिसलं म्हणून आपण किती पटकन विश्वास ठेवतो. तो विषय नुसता सांगितला असता तर कुणी ऐकला नसता.

पडदाफाश

बघा, तुम्ही सगळे माझ्याच मुद्द्यावर आलात. देओदातो, घोस्टवॉच, ब्लेअर विच, सगळीकडे गाजलं ते 'हे खरं आहे का' या प्रश्नावर. तो प्रश्न काढून घेतला तर काय उरतं? 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' घ्या. ओरेन पेलीने १५ हजार डॉलरमध्ये स्वतःच्या घरात केला, १९ कोटींच्या वर कमावले. आता कोण बघतं?

नवखा

मी बघतो! झोपलेल्या नवऱ्याशेजारी ती तासन् तास नुसती उभी असते आणि खालचं घड्याळ भराभर पुढे सरकतं. मला ते खोटं आहे हे पहिल्यापासून माहीत होतं. तरी दोन रात्री दिवा लावून झोपलो. दादा, तुमचा सिद्धांत माझ्यावर चालत नाही.

ध्वनिवेडा

नवखा, ते दोघे नवराबायको नाहीत, लग्न झालेलं नाही त्यांचं. बाकी निरीक्षण फार छान. ते वेगाने पळणारं घड्याळच खरं भयंकर आहे. कॅमेरा तिवईवर स्थिर, त्यामुळे मळमळीची तक्रारही नाही.

खिडकीतली

पडदाफाश यांना एकच नाव सुचवते: 'लेक मंगो'. ऑस्ट्रेलियन, २००८, दिग्दर्शक जोएल अँडरसन. इथे खरं-खोटंचा गाजावाजा अजिबात नव्हता. सिनेमा आला आणि फारसा गवगवा न होता गेला. अमेरिकेतही एका भयपट-संचात घालून दाखवला. मग वर्षानुवर्षं एकाने दुसऱ्याला सांगत तो पसरला.

ॲलिस पामर ही १६ वर्षांची मुलगी बुडून मरते. तिचे आई, वडील, भाऊ कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. इतकं साधं बोलतात की आपण कुणाच्या तरी घरी भेटायला गेलोय असं वाटतं. घरातल्या फोटोंत ती दिसायला लागते. मग कळतं की त्यातले फोटो भावानेच केलेले आहेत. म्हणजे सिनेमा मध्यावर स्वतःच सांगतो की हे खोटं होतं! आणि तरी तिच्या फोनमधलं ते चित्रण येतं तेव्हा (ज्यांनी पाहिलं त्यांना कळलं असेल) मी हात तोंडावर ठेवला होता. अंधारातून एक आकृती हळूहळू चालत येते आणि तिचा चेहरा दिसतो. बस्, एवढंच.

मुलीला आपण ओळखतच नव्हतो, ही त्या आईची भीती आहे. ती मला भुताहून मोठी वाटली.

सावनी

खिडकीतली, लेक मंगोबद्दल लिहिल्याबद्दल खूप खूप आभार. मी तो पाहून रडले होते. भयपट पाहून रडू येतं हे लोकांना सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

आणि नावं उलगडत जाताना मागे दाखवलेले जुने फोटो परत येतात ते सोडू नका. तिथे उठून जाणाऱ्यांचा निम्मा सिनेमा राहून जातो.

कंदील

आजच बघते.

पडदाफाश

लेक मंगो काल रात्री पाहिला. मग इथलं सगळं पुन्हा वाचून ब्लेअर विचही पाहिला, आवाज मोठा करून.

लेक मंगो मला थोर वाटला. खिडकीतली, तुमचं शिफारशीबद्दल ऋण मानतो. फोनचा प्रसंग तर आहेच, पण आई मांत्रिकाकडे बसून डोळे मिटून स्वतःच्या घरातून चालत जाते आणि मुलीच्या खोलीत तिला कुणीच दिसत नाही, तो प्रसंग मनातून जात नाहीये. आणि शेवटी मुलीचंही तेच बोलणं येतं, तिला आई दिसते, पण आईला ती दिसत नाही.

ब्लेअर विचबद्दल माझं मत कायम आहे, पण आता त्याचा पहिला भाग मला कंटाळवाणा वाटण्याऐवजी त्रासदायक वाटला. जॉश नाहीसा झाल्यानंतरची सकाळ. तंबूबाहेर काटक्यांची मोळी, त्याच्या शर्टाच्या चिंधीने बांधलेली. हेदर ती आधी फेकून देते. मग थोड्या वेळाने एकटीच परत जाऊन उघडते. आत काय आहे ते बघून माइकला सांगत नाही, हात धुते आणि कामाला लागते. तिने ते लपवलं हे मी पूर्वी लक्षातच घेतलं नव्हतं. सावनी, रॅझीबद्दल तुम्ही लिहिलं ते अक्षर न् अक्षर पटलं.

पण मी आग्रहाने म्हणेन की हा सिनेमा १९९९ ला ज्याने काही ठाऊक नसताना पाहिला त्याला जे मिळालं, ते आपल्याला मिळणार नाही.

रातकिडा

पडदाफाश, ते मान्य. तो अनुभव त्या उन्हाळ्याचाच होता. पण आपल्याला जे मिळतं ते त्यांना मिळालं नव्हतं, असंही मला या धाग्यावरून वाटू लागलंय. त्या प्रेक्षकांचं लक्ष चेटकीण कधी दिसते याकडे होतं. आपण हेदरकडे बघतोय.

आणि एक माहिती, कारण ती इथे कुणी लिहिली नाही. वितरकांना तो कोपऱ्यातला शेवट कळत नव्हता, त्यांनी दुसरे शेवट चित्रित करून घेतले. मायरिक-सांचेझनी मूळचाच ठेवला. मात्र सुरुवातीच्या गावकऱ्यांच्या मुलाखतींत एक तुकडा वाढवला: एका खुन्याने मुलांना दोन दोन करून तळघरात नेलं, एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्याकडे तोंड करून उभं केलं, कारण त्यांची नजर त्याला सहन व्हायची नाही. एवढ्या एका वाक्यावर तो शेवट उभा आहे. पहिल्यांदा बघताना ते वाक्य निसटलं असेल तर शेवट अर्धवट वाटणं साहजिक आहे. 'सी प्लस' देणाऱ्यांतल्या पुष्कळांचं तेच झालं असेल असं मला मनापासून वाटतं.

ध्वनिवेडा

रातकिडा, बरोबर. आणि ते वाक्य गर्दीच्या मुलाखतींत, इतक्या सहज येतं की चुकणारच.

नवखा

मी यापुढे घोस्टवॉच बघणार. कुणी आधी काही सांगू नका, त्यातलं भूत, पाइप्स, कुठे कुठे दिसतं ते माझं मला शोधायचंय.

जुना प्रेक्षक

नवखा, नाव मात्र तूच फोडलंस बघ! मुलींच्या खोलीतल्या पडद्यावर नजर ठेव. पुढचं तुझं तू.